नवा सर्व्हर बसला, मग सोमवारी बिल का निघत नाही?



धंदा वाढतो तशी ऑफिसात कॉम्प्युटरची संख्या वाढते. दोनाचे चार, चाराचे आठ होतात. एका मशीनवर सगळ्यांचा डेटा ठेवलेला असतो, त्याला आपण कौतुकानं ‘सर्व्हर’ म्हणतो. ते मशीन सात-आठ वर्षं इमानेइतबारे चालतं आणि मग एक दिवस कुरकुर करायला लागतं. आपण नवीन सर्व्हर घेतो. हार्डवेअरवाला शनिवारी संध्याकाळी येतो, डेटा कॉपी करतो, ‘झालं साहेब’ म्हणून जातो. आणि सोमवारी सकाळी साडेदहाला अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं!

कशामुळे होतं हे? नवीन सर्व्हर खराब निघाला म्हणून? बहुतेक वेळा नाही. आजच्या लेखाचं सार एका वाक्यात सांगतो, ते लक्षात ठेवा: सर्व्हर बदलणं म्हणजे मशीन बदलणं नाही, पत्ता बदलणं आहे. तुम्ही घर बदललं, सामान नीट पोचलं, पण दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला आणि बँक यांना नवीन पत्ताच सांगितला नाही, तर काय होईल? अगदी तेच इथे होतं. सामान पोचलेलं असतं, माणसं जुन्या दारावर टकटक करत असतात.

एक उदाहरण धरून चालू

समजा, सांगलीत तुमची हळदीची पेढी आहे. ऑफिसात ७ कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक स्कॅनरवाली झेरॉक्स मशीन. हिशोब टॅलीमध्ये. सोमवारी सकाळी गोडाऊनवर गुजरातला जाणारा ट्रक भरून उभा आहे. परराज्यात ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागतं, आणि त्यासाठी आधी तुमचं बिल तयार हवं. टॅली उघडत नाही, म्हणजे बिल नाही. बिल नाही, म्हणजे ट्रक हलत नाही. ट्रकवाला उभं राहण्याचे पैसे मागणार, तिकडे पार्टी फोन करून करून वैतागणार.

म्हणजे बघा, हा विषय ‘कॉम्प्युटरवाल्याचा’ नाही. हा तुमच्या शब्दाचा आणि उधारी-वसुलीचा विषय आहे. म्हणून मालकाला यातलं टेक्निकल नाही आलं तरी चालेल, पण क्रम कळलाच पाहिजे.

पायरी १ : दिवस निवडा

जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेला, जीएसटीआर-३बी २० तारखेला (दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी), टीडीएसचा भरणा ७ तारखेला. या तारखांच्या आदल्या दोन-तीन दिवसांत सर्व्हरला हात लावू नका. मार्च अखेर आणि दिवाळीच्या तोंडावर तर नाहीच नाही. २१ तारखेनंतरचा शनिवार-रविवार बघा, तो साधारण सगळ्यात मोकळा असतो.

शनिवारी संध्याकाळी काम संपल्यावर सुरू करा, म्हणजे अख्खा रविवार हाताशी राहतो. तपासणी रविवारी झाली पाहिजे, सोमवारी नाही. आणि त्या तपासणीला तुमच्या दिवाणजींना किंवा अकाउंटंट ताईंना दोन तास बोलवा. हार्डवेअरवाल्याला फोल्डर उघडला की काम झालं असं वाटतं. बिल निघतं की नाही, हे फक्त बिल काढणाऱ्यालाच कळतं.

पायरी २ : दार वाजवणाऱ्यांची यादी

जुना सर्व्हर बंद करण्याआधी एक वही घ्या आणि लिहून काढा: याच्याकडे कोण कोण येतं?

- प्रत्येक कॉम्प्युटरवरचा ‘झेड ड्राइव्ह’ किंवा जो काही शेअर केलेला ड्राइव्ह दिसतो तो
- टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि टॅलीचं लायसन्स कुठल्या मशीनवर आहे
- सर्व्हरला जोडलेला प्रिंटर
- झेरॉक्स मशीन, जी स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकते
- हजेरीचं थंब मशीन, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, काही असेल ते
- रोज रात्री चालणारा बॅकअप
- आणि सगळ्यात महत्त्वाचं: ऑफिसातल्या कॉम्प्युटरना नेटवर्कचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, कोण वाटतं? राउटर की जुना सर्व्हर?

शेवटच्या मुद्द्याकडे पुन्हा येतो, कारण तो लगेच नाही, आठवडाभरानं चावतो.

पायरी ३ : बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा

बॅकअप आहे असं सगळेच सांगतात. तो उघडतो का, हे फार थोड्यांनी बघितलेलं असतं. बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलेला बॅकअप एखाद्या वेगळ्या कॉम्प्युटरवर उतरवा, टॅलीत तो उघडा आणि परवाच्या दिवसाचं शेवटचं बिल त्यात दिसतंय का बघा. दिसलं, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘नवीन सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहे’ असं विकणारा सांगतो. खरं आहे, पण तो बॅकअप नव्हे. कुणी चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. बॅकअपचा साधा हिशोब ३-२-१ चा: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर.

पायरी ४ : सोमवारी अडलंच, तर कुठून सुरुवात करायची?

अडचण आली की ऑफिसात काय होतं? एक जण वायर काढून लावतो, दुसरा राउटर बंद-चालू करतो, तिसरा पासवर्ड बदलतो. अर्ध्या तासानं मूळ अडचण कुठली आणि आपण नवीन केलेली कुठली, हेच कळत नाही. म्हणून नियम एक: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा.

नियम दोन: आधी विचारा, अडचण एकाला आहे की सगळ्यांना? एकालाच असेल तर सर्व्हरला हात लावू नका, त्या एका कॉम्प्युटरकडे जा. सगळ्यांना असेल तर एकेका कॉम्प्युटरवर वेळ घालवू नका, सर्व्हर आणि स्विचकडे जा. या एका प्रश्नानं अर्धं काम होतं.

नियम तीन: स्क्रीनवर आलेला मेसेज वाचा आणि मोबाइलवर फोटो काढा. ‘सापडत नाही’ आणि ‘परवानगी नाही’ हे दोन वेगळे आजार आहेत. ‘सापडत नाही’ म्हणजे तुम्ही घरापर्यंत पोचलाच नाहीत, रस्ता किंवा पत्ता चुकलाय. ‘परवानगी नाही’ म्हणजे दारापर्यंत पोचलात, वॉचमन आत सोडत नाही. दुसऱ्या वेळी वायर तपासत बसणं म्हणजे वेळेचा चुराडा.

आता क्रमानं जाऊ. खालून वर.

वायर आणि दिवे. नेटवर्कची वायर जिथे लागते तिथे छोटे दिवे असतात. ते पेटत नसतील तर पुढचं काहीही तपासू नका. वायर बदलून बघा, स्विचचं भोक बदलून बघा.

नंबर. अडलेल्या कॉम्प्युटरचा आयपी अ‍ॅड्रेस बघा. छोट्या ऑफिसात तो बऱ्याचदा १९२.१६८ नं सुरू होतो. त्याऐवजी १६९.२५४ नं सुरू होणारा नंबर दिसला तर ओळखा: या कॉम्प्युटरला नंबर देणारा कुणी भेटलाच नाही, म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला एक नंबर देऊन टाकलाय. तो सर्व्हरपर्यंत पोचू शकत नाही.

आता मगाचा मुद्दा. तुमचा जुना विंडोज सर्व्हरच नंबर वाटत असेल आणि तुम्ही तो बंद केलात, तर सोमवारी काहीच बिघडणार नाही! कारण सगळ्यांकडे आधी मिळालेला नंबर असतो. विंडोज सर्व्हरमध्ये हा नंबर मुळात ८ दिवसांच्या भाड्यानं दिलेला असतो. भाडं संपलं की एकेक कॉम्प्युटर गळायला लागतो, आणि तोवर ‘सर्व्हर बदलून तर आठवडा झाला, त्याचा काय संबंध?’ असं सगळ्यांना वाटतं. संबंध तिथेच असतो. म्हणून नंबर वाटायचं काम राउटरकडे किंवा नवीन सर्व्हरकडे आधीच सोपवा. मात्र दोघांकडे एकदम नको. दोघं वाटायला लागले की नवा गोंधळ.

नाव. कॉम्प्युटर सर्व्हरला नंबरानं शोधतात किंवा नावानं. नंबर टाकला तर फोल्डर उघडतो आणि नाव टाकलं तर उघडत नाही, असं झालं तर सर्व्हर ठणठणीत आहे, नावाची पाटी चुकली आहे. यावर एक सोपा मार्ग आहे: नवीन सर्व्हरला जुन्याचंच नाव आणि जुन्याचाच नंबर द्यायचा. मग बहुतेक दार वाजवणारे आपोआप योग्य ठिकाणी पोचतात. पण जुना सर्व्हर आधी नेटवर्कवरून काढा. एकाच नंबराची दोन मशीन एकाच वेळी चालू राहिली तर कधी काम चालतं, कधी बंद पडतं, आणि अशी अडचण शोधणं सगळ्यात अवघड. आणि हो, तुमच्या ऑफिसात डोमेन असेल, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सर्व्हरवरूनच होत असेल, तर हा सोपा मार्ग तुमच्यासाठी नाही. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

दरवाजा. नवीन मशीनवर विंडोज टाकलं की नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’, हे ठरवावं लागतं. ‘पब्लिक’ म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं वायफाय समजून विंडोज आपले दरवाजे लावून घेतं, आणि फोल्डर कुणालाच दिसत नाही. सगळ्यांना एकदम अडचण असेल तर हे पहिल्यांदा बघा. इथे एक सावधगिरी: सर्व्हरला ‘पिंग’ केलं आणि उत्तर आलं नाही, म्हणजे सर्व्हर बंदच आहे असं समजू नका. फायरवॉल लावलेलं असेल तर सर्व्हर जागा असूनही ‘ओ’ देत नाही.

परवानगी. फोल्डरला दोन कुलपं असतात. एक शेअरिंगचं, दुसरं डिस्कवरच्या फोल्डरचं. दोन्हींत जे जास्त कडक, ते लागू होतं. म्हणून ‘फाइल उघडते पण सेव्ह होत नाही’ असं झालं की दोन्ही कुलपं बघा. डेटा साध्या पद्धतीनं कॉपी केला की जुन्या परवानग्या सोबत येत नाहीत, नवीन फोल्डरच्या लागतात. त्यातून उलटंही होतं: पगाराचा फोल्डर सगळ्यांना उघडा पडतो! ही तक्रार कुणी करत नाही, म्हणून ती तुम्हीच तपासायची. तिसरी गोष्ट, विंडोज जुना पासवर्ड लक्षात ठेवतं. एकाच कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन जुनी नोंद काढून टाका.

सॉफ्टवेअर आणि लायसन्स. टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. जुन्या मशीनवर ते आधी ‘सरेंडर’ करायचं, मग नवीन मशीनवर चालू करायचं. त्यासाठी जुनं मशीन चालू आणि इंटरनेटला जोडलेलं हवं. म्हणजे जुनं मशीन भंगारात देण्याची घाई नको. बाकीच्या कॉम्प्युटरवर लायसन्स कुठल्या मशीनकडे मागायचं, तेही लिहिलेलं असतं, ते बदला.

इथेच सगळ्यात महागडा धोका आहे. टॅलीत डेटाचा जुना रस्ता राहिला, आणि एखाद्या कॉम्प्युटरवर डेटाची जुनी प्रत पडलेली असली, तर टॅली कसलीही तक्रार न करता ती जुनी प्रत उघडतं. एक जण नवीन डेटात बिलं करतो, दुसरा जुन्यात. एकाच नंबराची दोन बिलं निघतात, आणि ही गोष्ट कळते ती रिटर्न भरताना. म्हणून सोमवारी पहिलं बिल झालं की प्रत्येक कॉम्प्युटरवर ते बिल दिसतंय का बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण महिनाभराचा मनस्ताप वाचतो.

झेरॉक्स मशीन. सगळं चालतं, फक्त स्कॅन फोल्डरमध्ये येत नाही. जुनी मशीन एसएमबी-१ नावाच्या जुन्या पद्धतीनं बोलतात, आणि नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये ती पद्धत २०१७ च्या शेवटापासून बंद करून येते. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा वॉनाक्राय व्हायरस याच पद्धतीतल्या भोकातून शिरला होता. कुणी म्हणेल, ‘ती चालू करून देतो, एका मिनिटात होईल.’ नाही म्हणा. मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट होतं का विचारा, नाहीतर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. एका स्कॅनरसाठी घराची मागची खिडकी उघडी ठेवायची नसते.

‘चालतंय, पण फार हळू’

ही तक्रार आली की आधी वेग बघा. कॉम्प्युटरवर नेटवर्कचा वेग १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दाखवत असेल, तर जुना स्विच किंवा खराब वायर हे कारण असू शकतं. वायरमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. जास्त वेगाला चारही लागतात, कमी वेगाला दोनच. एक जोडी तुटली तरी काम चालू राहतं, पण कासवाच्या गतीनं.

फरक किती? १०० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जातात. २०० जीबी डेटा कॉपी करायला साडेचार तासांच्या आसपास. तोच डेटा जास्त वेगाच्या नेटवर्कवर सेकंदाला १०० एमबीनं गेला तर अर्धा-पाऊण तास. म्हणजे ५०-६० हजारांचा सर्व्हर घेऊन काही शे रुपयांच्या वायरवर अडू नका. आणि सर्व्हरला वायरनंच जोडा, वायफायवर नको.

आणखी एक: साध्या विंडोज १० किंवा ११ च्या मशीनलाच सर्व्हर केलं असेल, तर एका वेळी २० च कनेक्शन घेता येतात. ७ जणांच्या पेढीला ते पुरतं. पुढे शाखा काढायचा विचार असेल तर आत्ताच बोलून घ्या.

परत कधी फिरायचं?

हा निर्णय मालकाचा आहे, हार्डवेअरवाल्याचा नाही. रविवारी दुपारी ४ ही वेळ आधीच ठरवा. तोवर तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत: प्रत्येक कॉम्प्युटरवर टॅली उघडणं, एक बिल छापून बघणं (नंतर ते रद्द करा), आणि नवीन सर्व्हरवरून घेतलेला बॅकअप उघडणं. तिन्हींपैकी एक जरी अडलं आणि कारण सापडलेलं नसलं, तर जुना सर्व्हर परत लावा. सोमवारी धंदा चालू ठेवा, पुढच्या शनिवारी पुन्हा प्रयत्न करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

रविवारचीच वेळ का? कारण सोमवारी दुपारपर्यंत नवीन सर्व्हरवर २५ बिलं झाली की परत फिरणं सोपं राहत नाही. ती २५ बिलं जुन्या सर्व्हरवर नाहीत. म्हणजे परतीचा रस्ता पहिल्या खऱ्या बिलापर्यंतच मोकळा असतो.

पुढच्या महिनाभरात

जुना सर्व्हर बंद करून कपाटात ठेवा, निदान एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न नीट पार पडेपर्यंत. बॅकअपचं सेटिंग नवीन फोल्डरकडे वळवलंय का, हे स्वतः बघा. नाहीतर बॅकअप रोज रात्री इमानदारीनं जुनाच फोल्डर शोधत राहतो, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी हाती काही लागत नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात, हेही विसरू नका. मशीन विकताना डिस्क काढून घ्या. तुमच्या पार्ट्यांचे भाव आणि उधाऱ्या त्यात आहेत.

आणि शेवटची, पण मालकासाठी पहिली गोष्ट. सर्व्हरचं नाव, नंबर, अ‍ॅडमिनचा पासवर्ड, टॅलीचा सिरीयल नंबर, राउटरचा पासवर्ड, हे सगळं एका कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. हार्डवेअरवाल्याचं शेवटचं बिल हा कागद हातात आल्यावरच चुकतं करा. माणूस कितीही चांगला असला, तरी तुमच्या धंद्याची किल्ली त्याच्या डोक्यात राहता कामा नये. तो गावाला गेला, फोन लागला नाही, तर ट्रक तुमचा उभा राहतो.

तर मित्रांनो, सर्व्हर पुढच्या महिन्यात बदलायचा असो वा दोन वर्षांनी, आज एवढंच करा: ती वही घ्या आणि दार वाजवणाऱ्यांची यादी लिहायला घ्या. अर्धा तास लागेल. यादी करताना एखादी ओळ अशी निघेल की तुमच्या ऑफिसात कुणालाच त्याचं उत्तर माहीत नसेल. तीच तुमची सोमवारची अडचण आहे, जी तुम्हाला आजच सापडली! ती कोणती निघाली, ते आम्हाला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर धंदा जोरात चालू द्या!